पाठीला दोन पंख

"ही कोण?" अण्णांनी मला विचारलं.

"ईरा आहे, अण्णा. तुमची नात."

"मी ईरा नाही, मी चेटकीण आहे," ईराने बजावलं आणि डोळ्यांवर घसरणारी काळी टोपी मागे ढकलली. तेव्हा ती सात वर्षांची होती.

अण्णांनी तिच्याकडे वाकून नीट बघितलं. "मग चेटकिणीचे पुढचे दोन दात कुठं गेले?"

ईरा खळखळून हसली. ती उभी होती आणि मी जमिनीवर बसून तिच्या काळ्या झग्याच्या कडेला चमकती पट्टी चिकटवत होते. गाडीचा उजेड पडला की ती पट्टी लांबून दिसते. शाळेत मुलांना बजावून सांगितलं होतं: काळा वेष असेल तर चमकती पट्टी लावा, झगा पायात येईल इतका लांब नको, मोठं माणूस बरोबर हवं, मिळालेला खाऊ घरी दाखवल्याशिवाय तोंडात टाकायचा नाही. दारात ठेवलेल्या कोरीव भोपळ्यात मी मेणबत्तीऐवजी सेलवरचा दिवा ठेवला होता. लहान मुलांचे झगे मेणबत्तीवरून फिरायला नको होते मला.

ही ओहायोमधली गोष्ट आहे. सिनसिनाटीच्या उत्तरेला एका लहान गावात आम्ही राहायचो. तिथे हॅलोवीनला संध्याकाळी मुलं वेष करून दारोदार खाऊ मागत हिंडायची. आमच्या गल्लीत शंभरेक मुलं तरी यायची.

अण्णा माझे वडील. उभी नोकरी त्यांनी विट्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. आई गेली तशी मी त्यांना इकडे आणलं. मी एकुलती एक, तिकडे दुसरं कोण होतं? इथे आल्यावर लक्षात आलं की आईने बरंच काही झाकून ठेवलं होतं. अण्णा विसरत होते. आधी शब्द, मग वेळकाळ, मग माणसं. त्या उन्हाळ्यापासून ते मला आक्का म्हणायला लागले. आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, मला जेमतेम आठवते. मी सुरुवातीला "अण्णा, मी चारू" म्हणायची. ते मान हलवायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, "आक्का, चहा झाला का?"

दोनदा ते घरातून निघून गेले होते. दोन्ही वेळा गल्लीच्या कोपऱ्याच्या अलीकडेच सापडले, पण तेव्हापासून मी दाराच्या मुठीला ईराच्या नाचाच्या घुंगरांची माळ बांधली होती. दार हललं की घरभर आवाज व्हायचा. गॅसची बटणं काढून फडताळात ठेवलेली असायची. अशा आजाराच्या माणसांची व्यवस्था करणारं एक ठिकाण गावाबाहेर होतं, सोमवारी ते बघायला जायचं आम्ही ठरवलं होतं.

"नुसतं बघून येऊ," माझा नवरा श्रीरंग म्हणाला होता.

"हो, नुसतं बघून येऊ," मीही म्हणाले होते. नुसतं बघायला कोणी जात नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

सहा वाजले तसे श्रीरंग ईराला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन निघाला. मी अण्णांची खुर्ची दाराजवळ मांडली आणि त्यांच्या मांडीवर चॉकलेटांची टोपली दिली. मला धास्ती होती की मुखवटे बघून ते घाबरतील. पण झालं उलटंच. ते खुशीत होते. अंगात स्वेटर, खाली पांढरं धोतर, डोक्याला माकडटोपी, अशा थाटात बसून प्रत्येक मुलाला ते आधी "उजवा हात" म्हणायचे. मूल न समजून बघत राहायचं, मग अण्णा स्वतः त्याचा उजवा हात धरून पुढे करायचे आणि त्यावर एकच चॉकलेट ठेवायचे.

"सुखी राहा," ते म्हणायचे. "चला, पुढचा."

सिंह आले, भुतं आली, एक चालता फ्रीज आला. एका घोळक्यात अगदी चिमुरडी मधमाशी होती. पिवळे-काळे पट्टे, डोक्यावर तारेच्या दोन मिशा, पाठीला जाळीचे पंख. तिचा हात वर पोचेना म्हणून अण्णा खुर्चीतून उठून खाली वाकले.

"किती गं बारकी तू," ते म्हणाले. तिने मोठी माणसं म्हणतात तसं गंभीरपणे थँक्यू म्हटलं. फाटकापाशी तिची आई चारपाच मुलांना गोळा करत उभी होती, तिने मला हात केला.

टोपली संपत आली होती. मी आतल्या कपाटातून दुसरी पिशवी काढायला गेले. घुंगरं वाजली, पण ती संध्याकाळभर वाजतच होती. पिशवी फोडून बाहेर आले तर खुर्चीवर टोपली होती, अण्णा नव्हते. दार सताड उघडं होतं आणि त्यांच्या चपला जागेवर नव्हत्या.

मी श्रीरंगला फोन लावला. तो तीन गल्ल्या पलीकडे होता. "पोरींना घरी सोडतो आणि निघतो," तो म्हणाला. "तू मोठ्या रस्त्याकडे जा. आधी तिकडेच जा, चारू."

टोपली पायरीवर ठेवली, दार ओढलं आणि पळाले.

समोरच्या घरातले हॅरिस आजोबा अंगणातल्या प्लास्टिकच्या सांगाड्याला सरळ करत होते. मी ओरडूनच विचारलं, "माझे वडील दिसले का? पांढऱ्या कपड्यातले, डोक्यावर लोकरी टोपी?"

"दिसले ना! फार झकास वेष होता," ते हसत म्हणाले. "पोरांच्या मागून खाली चालले होते." मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं. "अगं, वेष नव्हता का तो?"

त्या संध्याकाळी माझे वडील कसेही फिरले असते तरी कोणी वळून बघितलं नसतं. एरवी त्या गावात धोतर नेसलेला म्हातारा एकटा दिसला तर चार जणांनी थांबून विचारलं असतं.

उजेड कमी होत चालला होता. मी प्रत्येक अंगणात बघत, प्रत्येकाला विचारत उतारावरून खाली पळत होते. गल्ली जिथे संपायची तिथे मोठा रस्ता होता आणि त्यावरून गाड्या सुसाट जायच्या. मला दुसरं काही दिसत नव्हतं, तो रस्ताच डोळ्यांसमोर येत होता.

वळणावर एक बाई समोरून पळत आली आणि तिने माझे दोन्ही दंड धरले. मघाशी फाटकापाशी उभी असलेली तीच.

"मधमाशी बघितलीत का?" तिचा आवाज चिरकत होता. "माझी मुलगी. नोरा. चार वर्षांची आहे. मी एकाच्या बुटाची नाडी बांधायला वाकले, तेवढ्यात..."

"तुम्ही माझ्या वडिलांना बघितलंत का?" मी विचारलं. "दारात चॉकलेट देत होते ते."

दोघींनीही नाही म्हणून माना हलवल्या. पण तिने माझे दंड सोडले नाहीत, मीही तिला सोडलं नाही. ती म्हणाली, "माझा नवरा त्या बाजूने शोधतोय." मी म्हणाले, "चला, आपण खाली बघू." इतकंच. तिचं नाव कोलीन, हे मला नंतर कळलं.

मोठ्या रस्त्याच्या अलीकडे पोचतो न पोचतो तोच मला आवाज ऐकू आला.

गाड्यांच्या घरघरीवरून, पलीकडच्या बाजूने, एक भरदार, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करणारा आवाज येत होता. मी तो आवाज पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. जागच्या जागी थांबले.

"लक्ष द्या. लक्ष द्या. एक लहान मुलगी, वय अंदाजे चार वर्षे, अंगात पिवळा-काळा पट्ट्यांचा स्वेटर, पाठीला दोन पंख, कंट्रोल केबिनमध्ये बसलेली आहे. मुलगी सुखरूप आहे. तिच्या नातेवाइकांनी ताबडतोब येऊन घेऊन जावे."

आमच्या भागात जत्रांचे दिवस आले की विट्याचा स्टँड माणसांनी फुलून जायचा. आया गाडीला जागा धरायला धावायच्या आणि पोरं मागे राहायची. कोणीतरी त्यांना उचलून अण्णांच्या केबिनमध्ये आणून सोडायचं. माझी शाळा सुटली की मीही तिथेच जायची, अण्णांची ड्युटी सुटेपर्यंत बाकावर बसून अभ्यास करायची. हरवलेलं पोर माझ्या शेजारी बसवलं जायचं. अण्णा त्याला आधी पाणी पाजायचे, मग त्याचे कपडे न्याहाळून माइकवर सांगायचे. लाइट गेलेली असली तर केबिनबाहेर उभं राहून तसंच ओरडायचे. पोराचं माणूस आल्याशिवाय ते घरी गेलेले मला आठवत नाहीत.

"कोण ओरडतंय ते?" कोलीनने घाबरून विचारलं.

"तुमची मुलगी तिथे आहे," मी म्हणाले. "ते तेच सांगतायत. पिवळे-काळे पट्टे, पाठीला पंख. सुखरूप आहे म्हणतायत."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला फसवत होते. मग आम्ही सिग्नलचं बटण दाबलं आणि दिवा बदलायची वाट बघत दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिलो.

रस्त्यापलीकडे सिटी बसचा थांबा होता, वर छप्पर, आत बाक आणि एक दिवा. रोज दुपारी मी अण्णांना तिथे घेऊन जायची. येणारी-जाणारी बस बघत ते निवांत बसायचे. आमच्या गावातलं त्यांना ओळखीचं असं ते एकच ठिकाण होतं. दिव्याखाली बाकावर मधमाशी बसलेली दिसली. तिच्या डोक्यावर अण्णांची माकडटोपी होती, तारेच्या मिशा त्यातून वाकड्या बाहेर आल्या होत्या. आणि तिच्यापुढे, हात दोन्ही बाजूंना पसरून, अण्णा उभे होते. उघड्या डोक्याने, थंडीत.

त्यांच्यासमोर एक उंच माणूस होता. त्याचं अख्खं डोकं कवटीच्या रबरी मुखवट्यात होतं.

"बाजूला व्हा! ती माझी मुलगी आहे!" तो इंग्रजीत ओरडत होता.

"मागं सरका," अण्णा मराठीत सांगत होते. "आधी ते त्वांड काढा. ओळख पटल्याबिगर पोर द्यायची न्हाई."

"मी पोलिसांना फोन करतोय!"

"कुणाला बी करा."

नोरा बाकावरून घसरली आणि अण्णांच्या धोतराला मागून बिलगली. ती त्या मुखवट्याला भ्याली होती. तिचा बाप टिम उशिरा कामावरून आला होता, गंमत म्हणून गाडीत मुखवटा चढवून थेट गल्लीत उतरला होता आणि उतरताच त्याला कळलं होतं की मुलगी सापडत नाही. तेव्हापासून तो धावतच होता. तोंडावर काय आहे हे तो विसरूनच गेला होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि अण्णांच्या खांद्याला धरलं. अण्णा हलले, पण बाजूला झाले नाहीत.

"मुखवटा काढा!" मी कोलीनचा हात सोडून पुढे धावत जाऊन ओरडले. "तुमचा मुखवटा! तिला कळत नाहीये तुम्ही कोण ते! आधी काढा!"

त्याचा हात गालाकडे गेला. रबर लागलं तेव्हा तो दचकला. मग दोन्ही हातांनी ओढून त्याने मुखवटा काढला. आतला चेहरा घामाने भिजला होता आणि तो माणूस रडत होता.

"डॅडी," नोरा म्हणाली. पण तिने धोतर सोडलं नाही.

अण्णा खाली बसले. त्यांचे गुडघे दुखायचे, तरी बसले. तिच्या तोंडाकडे बघत, टिमकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे कोण तुझे? बघ नीट. घाई न्हाई."

त्यांचे शब्द तिला काय कळले असतील? पण तिने टिमकडे बघितलं, पुन्हा एकदा "डॅडी" म्हटलं आणि हात पसरले. मग अण्णा उठून बाजूला झाले.

मागोमाग कोलीनही पोचली; ती आणि टिम दोघंही फुटपाथवर गुडघे टेकून त्या पोरीला मिठीत घेऊन बसले. एक पंख वाकडा झाला. मग अण्णा बोलले, स्टँडवरच्या त्याच आवाजात, पण हळू.

"गर्दीत पोराचा हात सोडू नये. आणि असली त्वांडं लावून पोरापुढं येऊ नये. ल्हान जीव भितोय."

"काय म्हणतायत?" टिमने मला विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. तो मान खाली घालून "बरोबर आहे" म्हणाला. नंतर उठला, ज्या खांद्याला त्याने धरलं होतं त्या खांद्यावर हात ठेवायला गेला, पण मधेच थांबला. अण्णांनीच त्याचा हात हातात घेतला आणि थोपटला. कोलीनने नोराच्या डोक्यावरची माकडटोपी काढून अण्णांच्या डोक्यावर घातली, कानांवरून खाली ओढली आणि हनुवटीखाली नीट केली. सगळं कसं झालं हे नंतर जुळलं: नोरा एकटीच उतारावरून खाली चालत होती, अण्णांना ती दारातून दिसली, ते उठून मागोमाग गेले आणि रस्त्याच्या कडेला तिला गाठून हाताला धरून पलीकडे थांब्यावर नेऊन बसवलं. नोराने तिच्या आईला एवढंच सांगितलं की आजोबा मोठ्याने गाणं म्हणत होते.

ते तिघं गेले. मी श्रीरंगला फोन करून अण्णा सापडल्याचं सांगितलं.

"चला अण्णा, घरी जाऊ."

ते बाकावर बसले. "न्हाई, बाई. तुम्ही व्हा पुढं. मला थांबाय पायजे."

"कुणासाठी?"

"माझी पोरगी यायचीय."

मी त्यांच्या शेजारी बसले. एक बस आली, थांबली, कोणी उतरलं नाही, बस गेली. अण्णांनी मान वळवून ती वळणापर्यंत बघितली.

"शाळा सुटली की ती हितंच येती," ते म्हणाले. "मी गेलो आन ती आली तर? तिनं कुठं बघायचं मला?"

"नाव काय तिचं?"

"चारू."

उन्हाळ्यापासून त्यांच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं की ते पुसलं गेलं. ते पुसलं नव्हतं. एवढे महिने ते रोज दुपारी इथे बसून माझीच वाट बघत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून, त्यांना बस बघायला आवडतात असं समजत होते.

मी त्यांच्या जवळ सरकले, माझा चेहरा दिव्याच्या उजेडात येईल असा वर केला.

"अण्णा, मी आले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ते आक्का म्हणणार, अशी मी मनाची तयारी करून ठेवली.

"दप्तर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"घरी ठेवलं."

"मग चल की. उगं थंडीत बसवून ठेवलंस मला."

सिग्नलपाशी आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. हात नाही धरला, मनगटच, मी लहान असताना धरायचे तसं. दिवा हिरवा झाला तरी ते लगेच निघाले नाहीत. त्यांनी उजवीकडे बघितलं, तिकडे देशात गाड्या ज्या बाजूने येतात त्या बाजूला. इथे गाड्या डावीकडून यायच्या. मी डावीकडे बघितलं. मग आम्ही रस्ता ओलांडला.

श्रीरंग उताराच्या मध्यावर भेटला. त्याने अण्णांच्या अंगावर स्वतःचं जाकीट टाकलं. घरी ईरा हॅरिस आजोबांशेजारी पायरीवर बसून उरलेली चॉकलेटं वाटत होती. "उजवा हात," ती प्रत्येकाला सांगत होती. अण्णांना बघून तिने त्यांच्याही हातावर एक ठेवलं.

रात्रीची जेवणं होऊन अण्णा झोपल्यावर श्रीरंगने विचारलं, "सोमवारचं काय करायचं?"

"मी फोन करून नको म्हणून सांगते," मी म्हणाले. "जमेल तितके दिवस इथेच राहू देत."

"जमेल?"

"माहीत नाही."

त्याने दाराच्या चौकटीकडे वर बघितलं. मग म्हणाला, "दाराला वरच्या बाजूला कडी लावतो उद्या. आणि त्यांच्या मनगटात पत्ता लिहिलेलं काहीतरी अडकवू."

जमलं, जवळजवळ दोन वर्षं जमलं. कोलीन आठवड्यातून दोन दुपारी नोराला घेऊन यायची आणि अण्णांना बसथांब्यावर घेऊन जायची, म्हणजे मला जरा पाठ टेकता यायची. शेवटचे काही महिने मात्र त्यांना अंथरुणातून उठवणंही आम्हा दोघांच्या आवाक्यात राहिलं नाही, तेव्हा त्यांना तिथे, गावाबाहेरच्या त्या ठिकाणी ठेवावंच लागलं. चांगली माणसं होती तिथली. अण्णा गेले तेव्हा मी जवळ होते.

त्या संध्याकाळनंतर त्यांनी मला पुन्हा कधी चारू म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुन्हा आक्का झाले होते, पुढे पुढे तर कोणीच नव्हते. मी दुपारी थांब्यावर बसल्यावर सांगून बघायची, "अण्णा, मी आले." ते सभ्यपणे हसायचे आणि जरा सरकून मला बसायला जागा करून द्यायचे. पण परतताना, रस्त्याच्या कडेला आलो की, त्यांचा हात आपोआप पुढे यायचा आणि माझं मनगट धरायचा. कोणाचं मनगट आहे हे त्यांना ठाऊक नसायचं. पलीकडे पोचेपर्यंत ते सोडायचे नाहीत.